कुंकू लाल केलं तरी काळंच का राहतं? जुन्या कृष्णधवल फोटोत मोजका रंग भरताना

आजीच्या लग्नाच्या फोटोत फक्त कुंकू लाल करायचं, किंवा फक्त तिची अष्टपुत्री पिवळी करायची. बाकी फोटो आहे तसा कृष्णधवल. ऐकायला सोपं वाटतं, पण फोटोशॉपमध्ये हे करून बघणाऱ्या बहुतेकांची तक्रार एकच असते. कुंकवावर लाल फिरवला तरी ते काळंच राहिलं. साडीवर चांगला हळदीसारखा पिवळा भरला आणि ती पावसाळ्यातल्या शेवाळलेल्या भिंतीसारखी दिसायला लागली. मग माणूस आणखी भडक लाल घेतो, ब्रशची अपॅसिटी वाढवतो, शेवटी वैतागून नॉर्मल मोडमध्ये रंग थापतो. त्याने कुंकू लाल होतं, पण कपाळावर वरून चिकटवल्यासारखं दिसतं.

रंग कितीही बदलला तरी हे सुटत नाही, कारण दोष रंगात नसतो. दोष त्याच्या खालच्या करड्यात असतो. तो करडा आधी दुरुस्त केला की साधा लाल पहिल्याच फटक्यात बसतो.

त्याआधी एक किरकोळ गोष्ट तपासून घ्या. पॅलेटमधून लाल निवडताय आणि ब्रशवर करडाच रंग येतोय, असं होत असेल तर तुमची फाइल ग्रेस्केल मोडमध्ये आहे. इमेज, मोड, आरजीबी कलर एवढं केलं की झालं. प्रोफाइल विचारलं तर एसआरजीबी ठेवा.

आता खऱ्या दुखण्याकडे. आपण फोटोवरच्या रंगाच्या लेयरला, म्हणजे थराला, कलर हा ब्लेंड मोड (वरचा थर खालच्यात कसा मिसळायचा ते ठरवणारा पर्याय) देतो आणि तेच बरोबर आहे. हा मोड वरच्या लेयरमधून रंगाची छटा आणि तिची तीव्रता घेतो, उजेड-अंधार मात्र खालच्या फोटोचाच ठेवतो. म्हणून तर साडीच्या निऱ्या, पदराचा काठ, कापडाचा पोत जागेवर राहतो. अडचणही त्यातूनच येते. प्रत्येक रंगाचा स्वतःचा एक उजळपणा असतो. फोटोशॉप तो मोजताना लालाचा वाटा ३० टक्के, हिरव्याचा ५९ आणि निळ्याचा ११ टक्के धरतं. त्या हिशेबाने शुद्ध लालाचा उजळपणा २५५ पैकी ७६ येतो, शुद्ध पिवळ्याचा २२७, हिरव्याचा १५० आणि निळ्याचा फक्त २८. खालचा करडा या आकड्याच्या आसपास असेल तर रंग खुलतो. तो फार खाली किंवा फार वर असेल तर रंगाचं रूपच बदलतं.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर नव्या फाइलमध्ये करड्याचे तीन पट्टे काढा (० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा): एक २०चा, एक ७६चा, एक २००चा. त्यावर शुद्ध लालाचा लेयर ठेवून मोड कलर करा. मधला पट्टा झणझणीत लाल होईल. २०च्या पट्ट्यावर ६७, ०, ० असा रंग येईल (हे तीन आकडे अनुक्रमे लाल, हिरवा आणि निळा यांचे), म्हणजे नावाला लाल, पण डोळ्यांना काळाच. २००च्या पट्ट्यावर २५५, १७६, १७६ येईल, म्हणजे फिका गुलाबी. तिन्हीवर लाल एकच आहे. पिवळ्याचं तर याहून वाईट होतं. ९०च्या करड्यावर शुद्ध पिवळा ठेवला तर १०१, १०१, ० येतो, आणि तोच तो शेवाळी रंग. पिवळा अंधारात गेला की पिवळा राहतच नाही.

मग आपल्या जुन्या फोटोंमध्ये नेमकं कुंकू आणि पिवळी साडीच का अडतात? याचं उत्तर फिल्ममध्ये आहे. सुरुवातीच्या काचेच्या प्लेटना निळा-जांभळा प्रकाशच काय तो दिसायचा. १८७३ मध्ये बर्लिनच्या हेर्मान फोगेल यांनी प्लेटच्या लेपात रंगद्रव्य मिसळून तिला हिरव्याकडचा प्रकाशही दाखवून दिला आणि त्यातून ऑर्थोक्रोमॅटिक प्लेट आल्या. तरी लाल दिसत नव्हताच. लालासकट सगळे रंग टिपणाऱ्या पँक्रोमॅटिक प्लेट इंग्लंडच्या रॅटन अँड वेनराइट कंपनीने १९०६ मध्ये बाजारात आणल्या, पण ऑर्थो लगेच गेली नाही. तिला लाल दिसत नसल्यामुळे डार्करूममध्ये लाल दिवा लावून, डोळ्यांनी बघत डेव्हलप करता यायचं आणि ही सोय फार मोठी होती. घरगुती बॉक्स कॅमेऱ्यात जाणारी कोडॅकची व्हेरिक्रोम रोल फिल्मसुद्धा ऑर्थोच होती. तिची जागा व्हेरिक्रोम पॅनने घेतली ती १९५६ मध्ये.

म्हणजे तुमच्या घरातला चाळीसच्या दशकातला फोटो ऑर्थोवरचा असण्याची चांगलीच शक्यता आहे. अशा फिल्मवर कुंकू काळं उमटतं. ओठ गडद येतात, चेहरा आहे त्यापेक्षा सावळा वाटतो. निळं आभाळ कोरं पांढरं होतं आणि फिकी निळी साडी जवळजवळ पांढरी दिसते. पिवळ्यात निळा प्रकाश फारसा नसतो आणि त्यातला लाल फिल्मला दिसत नाही, त्यामुळे अष्टपुत्री नुसत्या हिरव्याच्या आधारावर कसाबसा मधला करडा गाठते. कुंकू आणि हळद हे आपल्या लग्नातले दोन मुख्य रंग, आणि फिल्मला नीट दिसत नव्हते तेही नेमके हेच दोन. लाल काळा झालेला आणि पिवळा मधल्या करड्यात अडकलेला, अशा फोटोवर कलर मोडचा लेयर ठेवला तर तक्रार येणारच.

पुढच्या काळात उलटंही होतं. पँक्रोमॅटिक फिल्म आणि स्टुडिओतले पिवळसर उजेडाचे मोठे बल्ब एकत्र आले की लाल रंग प्रमाणापेक्षा उजळ येतो. अशा फोटोत कुंकू कपाळात मिसळून जातं, आणि लाल भरल्यावर काळं न दिसता गुलाबी दिसतं. तुमचा फोटो कोणत्या गटातला ते कुंकू आणि ओठ बघून लगेच कळतं.

हाताने फोटो रंगवणाऱ्या जुन्या कारागिरांना ही अडचण ठाऊक होती. त्यांचे पारदर्शक रंग काळ्यावर उमटायचे नाहीत, म्हणून रंगवायच्या फोटोची प्रिंट मुद्दाम फिकी काढायचे. आपण तेच करणार आहोत, फक्त सबंध फोटोवर न करता हव्या तेवढ्या भागावर.

कुंकवाचा करडा दुरुस्त करताना

फोटोशॉपची पावलं सांगतो. ब्राउझरमध्ये फुकट चालणाऱ्या फोटोपीमध्येही बहुतेक हीच चालतात. इन्फो पॅनेल उघडा आणि कर्सर कुंकवावर न्या. ऑर्थोवरच्या फोटोत १५ ते ३० मधला आकडा येतो. समजा २२ आला. कुंकवासाठी मी शुद्ध लाल कधीच घेत नाही, तो प्लॅस्टिकचा वाटतो. १९०, ३०, ४५ हा खऱ्या कुंकवाच्या जवळ जातो आणि त्याचा उजळपणा ८० भरतो. म्हणजे आपल्याला २२चा ८० करायचा आहे.

गोल टिळा असो, आडवी चिरी असो की चंद्रकोर, लॅसोने नीट निवडा. निवडलेलं असतानाच कर्व्हजचा (एका रेषेने उजेड-अंधार बदलणारा) ॲडजस्टमेंट लेयर घ्या, म्हणजे मास्क, लेयरचा परिणाम निवडलेल्या भागापुरता ठेवणारा पडदा, आपोआप तयार होतो. कर्व्हजच्या रेषेचं डावीकडचं खालचं टोक धरून सरळ वर न्या. इन्फो पॅनेलमध्ये आधीचा आणि नंतरचा असे दोन आकडे दिसतात. नंतरचा ८० झाला की थांबा, म्हणजे टोक ६३-६४च्या आसपास आलेलं असेल. रेषेच्या मध्यावर बिंदू टाकून ती वर ओढू नका, तसं केलं की अंधारातला फिल्मचा दाणा (खरखरीतपणा) भसकन वर येतो. टोक उचललं की सगळे आकडे मिळून वर सरकतात आणि दाणा उलट थोडा दबतो.

आता वर सॉलिड कलरचा लेयर घ्या, त्यात १९०, ३०, ४५ भरा आणि मोड कलर ठेवा. ऑल्ट दाबून धरून कर्व्हजचा मास्क याच्यावर ओढा, म्हणजे त्याची प्रत येईल. हे पाऊल गाळू नका. दोन लेयरना दोन वेगळे मास्क दिले की कुंकवाभोवती काळी कड राहते किंवा कपाळावर लाल ओघळतो, आणि लोक ती कड पुसण्यात संध्याकाळ घालवतात. मास्कची कड किती मऊ ठेवायची, याचं माप फोटोतच असतं. त्याच फोटोतली मंगळसूत्राची वाटी किंवा डोळ्याची कड मोठी करून बघा. ती तीन पिक्सेलमध्ये विरत असेल तर मास्कही तेवढाच मऊ हवा. जुन्या भिंगातून आलेल्या फोटोत ब्लेडने कापल्यासारखी कड दिसली की रंग मागून भरलाय हे लगेच कळतं.

फोटो गुलाबीच्या गटातला असेल, म्हणजे कुंकवावर १४०-१५० येत असेल, तर हेच उलटं करा. उजवीकडचं वरचं टोक खाली आणा, आकडा ८० होईपर्यंत.

गिंप वापरणाऱ्यांनी रंगाच्या लेयरला एलसीएच कलर हा मोड द्यावा. तिथे उजळपणा मोजायची रीत वेगळी आहे, त्यामुळे वरचे आकडे जसेच्या तसे लागू पडणार नाहीत, नजरेने जुळवावं लागेल. गिंपच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये ॲडजस्टमेंट लेयर नाही. मूळ लेयरची प्रत काढून त्या प्रतीवर कर्व्हज लावा आणि मास्क द्या.

साडीला जास्त वेळ लागतो

कुंकू हा एक सपाट ठिपका असतो. साडीत निऱ्या आहेत, सावल्या आहेत, पदराची घडी आहे, काठ आहे. एका मैत्रिणीच्या आजीच्या फोटोत अष्टपुत्रीचे आकडे असे होते: निऱ्यांच्या खाचेत ४०, सपाट भागात ९५, खांद्यावर उजेड पडला होता तिथे १३०. हळदीचा पिवळा म्हणून मी २३५, १८५, ५० धरतो, त्याचा उजळपणा १८५च्या आसपास येतो. कर्व्हजवर तीन बिंदू टाकून ४०चा ११०, ९५चा १७५ आणि १३०चा २२० केला तर पिवळा अगदी खरा येतो आणि निऱ्यांचा उठावही जात नाही.

पण तेवढं पूर्ण करू नये, असं माझं ठाम मत आहे. साडी इतकी उजळली की शेजारचा चेहरा एकदम काळवंडतो आणि बघणाऱ्याची नजर आजीवर न जाता कापडावर जाते. सपाट भाग १५०पर्यंत आणावा आणि उरलेलं काम छटेवर सोडावं. पिवळा थोडा केशरीकडे झुकवला, २३५, १७०, ४५ असा, की तो कमी उजेडातही शेवाळी होत नाही. निऱ्यांच्या खाचांमध्ये तर आणखी केशरी-तपकिरी हवा, कारण खऱ्या पिवळ्या कापडाची सावली तशीच असते. त्यासाठी त्याच मास्कखाली दुसरा रंगाचा लेयर घेऊन मऊ ब्रशने फक्त खाचांमध्ये फिरवा. उजेडाच्या जागी उलट रंग थोडा विरळ करा. लेयर स्टाइलमध्ये ब्लेंड इफ आहे, त्यातल्या अंडरलाइंग लेयरची पांढऱ्याकडची खूण ऑल्ट दाबून दोन भागांत तोडा आणि २००-२४०च्या आसपास ठेवा. एकच रंग सगळीकडे सारखा पसरला की कापड कागदी वाटतं. ही तोड केली की त्यात जीव येतो.

करडा नीट झालाय की नाही हे तपासायचं असेल तर रंगाचे लेयर बंद करा, फक्त कर्व्हजचे चालू ठेवा. उरलेला कृष्णधवल फोटो चांगल्या पँक्रोमॅटिक फिल्मवर काढल्यासारखा स्वाभाविक दिसला पाहिजे. साडी पांढरी पडलेली किंवा कुंकू राखाडी डागासारखं दिसत असेल तर करड्यातच कमी-जास्त झालंय, रंगाला हात लावू नका.

सोन्याच्या दागिन्यांना मात्र कलर मोड वापरूच नका. ठुशी, पाटल्या, नथीतली तार यांच्यात अगदी काळं आणि अगदी पांढरं शेजारी-शेजारी असतं, कलर मोडमध्ये ते पितळी-हिरवं होतं. तिथे ग्रेडियंट मॅप घ्या: अंधाराला ७०, ३५, १०, मधल्याला २००, १४०, ४० आणि उजेडाला २५५, २४५, २००. मास्कने दागिन्यापुरता ठेवा. हा प्रत्येक करड्याला त्याचा त्याचा रंग आणि उजळपणा दोन्ही देतो. हिरवा चुडा सगळ्यात सोपा. २०, ११०, ६० हा रंग ७८च्या आसपासच्या करड्यावर छान बसतो, आणि काचेवरची पांढरी चमक तेवढी सोडून द्या.

कुंकू, साडी, चुडा आणि दागिने असं सगळंच रंगवलं तर करडा उरतो तो फक्त चेहरा, आणि तो प्रेतवत दिसतो. एक किंवा फार तर दोन वस्तू निवडा. तरीही चेहरा राखेसारखा वाटला तर फोटोतल्या सगळ्यांच्या कातडीवर उबदार तपकिरीचा लेयर आठ-दहा टक्के अपॅसिटीने द्या. तो रंग म्हणून दिसत नाही, पण राखाडीपणा जातो.

मूळ फोटोच रंगीत असेल तर

तो वेगळा प्रकार. तिथे रंग भरायचा नसतो, नको असलेला काढायचा असतो. लाइटरूमच्या कलर मिक्सरमध्ये लाल सोडून बाकी सगळ्यांचं सॅच्युरेशन (रंगाची तीव्रता) वजा १००ला नेलं तरी चेहऱ्यावर ठिकठिकाणी लालसर डाग राहतात, कारण आपल्या कातडीत लाल आणि केशरी दोन्ही असतात. स्लायडर कितीही हलवून हे सुटत नाही, मास्कच लागतो. आणि स्नॅपसीडसारख्या ॲपमध्ये कृष्णधवल करून बोटाने रंग परत आणायची जी युक्ती आहे, ती फक्त अशाच फोटोंना चालते. जुन्या फोटोत परत आणायला खाली रंगच नसतो.

रंग कोणता होता, हे आधी विचारा

हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. वर सांगितलेल्या कारणामुळेच करड्यावरून मूळ रंग ओळखता येत नाही. ऑर्थोवरची गडद साडी लाल असेल, डाळिंबी असेल, काळी चंद्रकळा असेल किंवा गर्द हिरवा शालू असेल. आपोआप रंग भरणारी एआय साधनंही अंदाजच करतात. त्यांना लग्नाचा शालू कोणता आणि रोजचं लुगडं कोणतं हे माहीत नसतं. घरात कुणी ऐंशी-नव्वदीचं असेल तर फोटो त्यांच्यासमोर धरा. जुनी साडी ट्रंकेत ठेवलेली असते, कधी तिची गोधडीही झालेली असते, तीही बघा.

आणि एक सांभाळा. जुन्या ब्राह्मण घरांतल्या फोटोत डोक्यावरून पदर घेतलेली, बिनकुंकवाची, गडद वस्त्रातली एखादी बाई असते. ते वस्त्र बहुधा आलवण असतं, विधवेला नेसावं लागायचं ते लाल जाडंभरडं लुगडं. ऑर्थोवर ते शालूइतकंच गडद येतं. न विचारता त्याला हिरवा केला आणि कपाळावर टिळा लावला, तर त्या बाईने जे भोगलं तेच आपण पुसून टाकतो. खात्री नसेल तर तो भाग करडाच राहू द्या. मूळ स्कॅन वेगळा जपा आणि रंगवलेल्या फाइलच्या नावात कोणता रंग कुणी सांगितला तेही लिहा, म्हणजे पुढच्या पिढीला अंदाज आणि आठवण यातला फरक कळेल.

पाठवल्यावर रंग पसरतो

सगळं नीट जमलेलं असतं, आणि जेपेग केल्यावर कुंकवाच्या कडेला लाल धूसरता येते. जेपेग जागा वाचवायला रंगाची माहिती उजळपणापेक्षा कमी बारकाईने साठवतो, बऱ्याचदा आडव्या-उभ्या दोन्ही दिशांना निम्मीच. सगळा फोटो रंगीत असला तर हे लक्षातही येत नाही, पण करड्यात एकच लाल ठिपका असला की लगेच दिसतं. फोटोशॉपमध्ये सेव्ह करताना क्वालिटी ७ च्या खाली नेऊ नका, १० किंवा १२ ठेवा. गिंपमध्ये एक्स्पोर्टच्या जादा पर्यायांत सबसॅम्पलिंग ४:४:४ निवडा, म्हणजे रंगाची माहिती कमी केली जात नाही.

स्कॅन नव्याने करणार असाल तर १६ बिटचा करा. ८ बिटमध्ये करड्याच्या २५६ पायऱ्या असतात, त्यातल्या अंधारातल्या मोजक्या पायऱ्या ताणून वर आणल्या की पट्टे दिसतात. १६ बिटमध्ये तसं होत नाही. छोट्या प्रिंटला ६०० डीपीआय पुरतो. काम करताना लॅपटॉपचा नाइट लाइट (स्क्रीन पिवळसर करणारी सोय) बंद ठेवा, नाहीतर पिवळा दर वेळी चुकेल. आणि व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे तो पुन्हा दाबला जात नाही.